घोडीचं नाव 'पिंटो' ठेवायचं की नाही?

प्रश्न थोडक्यात: या ताई मूळच्या साताऱ्याकडच्या, आता टेक्ससमध्ये, डॅलसच्या जवळपास राहतात. १३ वर्षांची मुलगी घोडेस्वारी शिकते आणि आता तिच्यासाठी पहिली घोडी घ्यायचं चाललंय. घोडी तांबूस तपकिरी, अंगावर मोठमोठे पांढरे चट्टे. विकणारा म्हणतो 'पिंटो' आहे. बार्नवरची (म्हणजे तबेल्यातली) दुसऱ्या एका मुलीची आई म्हणते नुसती पिंटो आहे, 'पेंट' जातीची नाही, एवढे पैसे देऊ नका. मुलीने नावही ठरवून टाकलंय, 'पिंटो'. ते ऐकून शेजारची ब्राझिलियन बाई खो खो हसत सुटली, मग नवऱ्याने नेटवर शोधाशोध केली आणि आता ते म्हणतात हा शब्द अश्लील आहे, फोर्डची गाडीसुद्धा याच नावापायी ब्राझीलमध्ये आपटली, नाव बदला. सासूबाईंचं व्हिडिओ कॉलवर वेगळंच, कबरं जनावर घेऊ नका, त्याला खोड असते. ताई विचारतायत, या शब्दाचा खरा अर्थ काय, मुलीला अडवू का, आणि घोडी घ्यावी का?

ताई, पत्र वाचून आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दिसलं की तुमच्या घरात एका शब्दावरून चार वेगळी भांडणं चालू आहेत आणि प्रत्येकाला वाटतंय विषय एकच आहे. विकणारा रंगाबद्दल बोलतोय, बार्नवरची बाई कागदपत्रांबद्दल, नवरा लाजेबद्दल आणि सासूबाई शकुनाबद्दल. आणि तुम्ही मला विचारताय 'खरा अर्थ' काय, म्हणजे तो एकदा कळला की चौघांचा निकाल लागेल असं तुम्हाला वाटतंय. तसा तो लागणार नाही, पण शब्दाची गोष्ट झकास आहे म्हणून आधी तीच सांगते.

पिंटो हा स्पॅनिश शब्द, अर्थ ठिपक्यांचा, डागांचा, मूळ धरलं तर 'रंगवलेला'. लॅटिनमध्ये पिंगेरे म्हणजे रंगवणं, चित्र काढणं, त्याच्यापासून हा निघाला. आता गंमत बघा, इंग्रजीतला पेंट शब्दही फ्रेंचमधून फिरून आलाय पण मूळ तेच, म्हणजे तुमच्या बार्नवर ज्या दोन शब्दांवरून किमतीची घासाघीस चाललीय ते दोन शब्द सख्खे चुलत भाऊ आहेत. (फरक आहे, तो पुढे सांगते, पण तो भाषेतला नाही.)

हा शब्द अमेरिकेत आला तो घोड्यांबरोबरच आला असं म्हणायला हरकत नाही. कारण स्पॅनिश लोक उतरले तेव्हा त्या खंडात घोडा उरलाच नव्हता, हजारो वर्षांपूर्वी नाहीसा झालेला. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्यासोबत १६ घोडे होते, आणि त्याच्या फौजेतला बर्नाल दियास नावाचा शिपाई म्हातारपणी आठवणी लिहायला बसला तेव्हा त्याने त्या घोड्यांची मालक, रंग, गुण अशी यादीच देऊन टाकली. त्यात दोन 'ओवेरो' आहेत, म्हणजे अंगावर रंगांची मिसळ असलेले. एकाची तारीफ केलीय, चांगला वळायचा म्हणून, आणि दुसऱ्याबद्दल लिहिलंय की तो कशाच्याच कामाचा निघाला नाही. म्हणजे एकाच रंगाचे दोन घोडे, एक गुणी आणि एक बिनकामाचा. सासूबाईंना हे जरूर सांगा, पाचशे वर्षांपूर्वीची साक्ष आहे.

मग हे घोडे मेक्सिकोतून उत्तरेकडे पसरले, काही सुटून रानटी झाले, काही तिथल्या मूळ जमातींच्या हाती गेले, आणि गुरं राखणारे मेक्सिकन वाकेरो घोड्याशी संबंधित सगळी भाषा स्पॅनिशमध्येच बोलायचे. तुम्ही राहता ते टेक्सस १८३६ पर्यंत मेक्सिकोचंच होतं. तिथे आलेल्या इंग्रजी बोलणाऱ्यांनी काम शिकता शिकता शब्दही उचलले, रोडिओ, कोराल, ब्रॉन्को, मस्टँग, लासो, रँच, सगळे तिकडचेच. पिंटो त्याच लाटेतला, इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रुळलाय. इंग्लंडमध्ये हा शब्द नव्हताच, तिथे काळा-पांढरा असेल तर पायबाल्ड आणि दुसऱ्या कुठल्या रंगाबरोबर पांढरा असेल तर स्क्यूबाल्ड म्हणतात. अमेरिकेत दोघांनाही पिंटो.

घोड्यापुरताही तो थांबला नाही. तुमच्याकडच्या दुकानात पिंटो बीन्स मिळतात, फिकट दाण्यावर तपकिरी शिंतोडे असलेले, ते याच शब्दावरून, आणि आपल्याकडे राजम्याच्या ठिपकेदार जातीला चित्रा म्हणतात, म्हणजे अगदी तोच विचार दोन टोकांच्या माणसांनी आपापल्या भाषेत केला. कोस्टा रिका आणि निकाराग्वामध्ये भात आणि राजम्यासारखे दाणे एकत्र परतून करतात त्याला 'गायो पिंटो' म्हणतात, ठिपक्यांचा कोंबडा, कोंबडा त्यात औषधालाही नसतो. कोलंबसच्या १४९२ च्या तीन जहाजांतलं एक पिंटा, ते याच शब्दाचं स्त्रीलिंगी रूप. आता यातला 'खरा' अर्थ कोणता, सांगा बरं? घोड्याचा, दाण्याचा की जहाजाचा?

आता तुमच्या ब्राझिलियन शेजारणीकडे येऊ, कारण खरी गडबड तिथून सुरू झालीय. ती हसली ते बरोबरच हसली. पण ती बोलते पोर्तुगीज. पोर्तुगीजमध्ये पिंटो म्हणजे कोंबडीचं पिल्लू, आणि ब्राझीलच्या बोलण्यात तोच शब्द पुरुषाच्या 'त्या' अवयवासाठी वापरतात. फार जहाल नाही, पण तेरा वर्षांची पोरगी आख्ख्या बार्नभर ती हाक मारणार म्हटल्यावर हसू येणारच ना. म्हणून स्पॅनिशमधला किंवा टेक्ससमधला शब्द अश्लील झाला का? नाही. अहोंना सांगा की नेटवर अर्थ शोधताना भाषा कुठली, देश कुठला हे आधी बघायचं, नाहीतर आपल्याकडची निम्मी नावं कुठल्या ना कुठल्या देशात बंद करावी लागतील.

आणि त्या फोर्डच्या गाडीची गोष्ट. ही मॅनेजमेंटच्या वर्गात आणि व्हॉट्सॅपवर इतक्यांदा सांगितली जाते की खरीच वाटते, पिंटो ब्राझीलमध्ये खपेना म्हणून नाव बदलून कोर्सेल ठेवलं वगैरे. कोर्सेल ही वेगळीच गाडी होती, रेनोच्या डिझाइनवर बेतलेली, आणि ती ब्राझीलमध्ये १९६८ ला बाजारात आली. पिंटो आली अमेरिकेत, १९७१ चं मॉडेल म्हणून. जी गाडी अजून जन्मलीच नव्हती तिचं नाव बदलणार कसं? पिंटो बदनाम झाली हे खरं, पण ती मागून धडक बसली की पेट्रोलची टाकी फुटून आग लागायची म्हणून, १९७८ मध्ये जवळपास १५ लाख गाड्या दुरुस्तीला परत बोलवाव्या लागल्या. नावाचा त्यात काही दोष नव्हता.

आणखी एक, आपल्या गोव्यात पिंटो आडनावाची किती कुटुंबं आहेत. १७८७ साली पोर्तुगिजांविरुद्ध जो कट झाला तो कांदोळीच्या पिंटो घराण्यामुळे 'पिंटोंचा उठाव' म्हणूनच ओळखला जातो. इतकी माणसं जे नाव अभिमानाने लावतात ते घोडीला लावलं तर काय आकाश कोसळणार आहे? फक्त तुमच्या ओळखीत कुणी पिंटो असतील तर घोडीची ओळख करून देताना जरा जपून, एवढंच. आणि आपल्या पिंट्याचा, पिंटूचा या स्पॅनिशशी संबंध जोडायला जाऊ नका, ऐकायला सारखं लागलं म्हणून नातं लागत नाही.

आता पैशाचं, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातला हाच खरा कळीचा प्रश्न आहे आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलाय.

पिंटो म्हणजे रंग. कुठल्याही जातीच्या घोड्यावर पांढरे आणि दुसऱ्या रंगाचे मोठे चट्टे असले की तो पिंटो, मग आई-बाप कोणी का असेनात. पेंट ही मात्र जात आहे, अमेरिकन पेंट हॉर्स, आणि त्यासाठी आई-बापाचे कागद लागतात, ते पेंट, क्वार्टर हॉर्स किंवा थरोब्रेड या जातींतलेच असावे लागतात. म्हणजे चट्टे असलेला प्रत्येक पेंट हा रंगाने पिंटो असतो पण प्रत्येक पिंटो काही पेंट नसतो. आणि उलटं पण होतं, पेंट आई-बापांच्या पोटी एकरंगी शिंगरू जन्मलं तर ते वंशाने पेंट पण रंगाने पिंटो नाही! हे झालं कसं, तर क्वार्टर हॉर्सवाल्यांना आपल्या घोड्यांवर जास्त पांढरं चालायचं नाही, अशी शिंगरं ते नोंदवूनच घेत नसत, ही अट त्यांनी थेट २००४ मध्ये रद्द केली. त्यामुळे खूप आधीच, ज्यांना असे घोडे आवडायचे त्यांनी स्वतःच्या संस्था काढल्या, त्या एकत्र येऊन १९६५ मध्ये अमेरिकन पेंट हॉर्स असोसिएशन झाली, तिचं ऑफिस फोर्टवर्थला, तुमच्या शेजारीच. पिंटोंची वेगळी संस्था त्याआधीची, १९५६ ची, आणि ती पुष्कळ जातींचे घोडे घेते.

तर बार्नवरची ती बाई पूर्ण चूक नाही. पेंटचे कागद असतील तर बाजारात भाव जास्त मिळतो, पेंटच्या शोमध्ये उतरता येतं, उद्या विकायची झाली तर गिऱ्हाईक पटकन मिळतं. पण मला तिला विचारावंसं वाटतं, तुमची मुलगी शोमध्ये उतरणार आहे का पेंटच्या? पैदास करणार आहात का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर तुम्ही कागदाचे पैसे कशाला मोजताय, आणि विकणारा नुसतं तोंडाने 'पेंट आहे' म्हणाला असता तर तुम्ही जास्त दिले असते का? शब्दावर पैसे देऊ नका, नोंदणीचा कागद हातात घ्या, त्यावरचा चट्ट्यांचा नकाशा किंवा फोटो आणि समोरची घोडी ताडून बघा, आणि मालक म्हणून विकणाऱ्याचंच नाव आहे ना बघा. कागद नसतील तर तसं स्पष्ट बोलून भाव पाडा. पहिल्या घोडीचं वय, स्वभाव, पाय आणि आधी कोणी चालवलीय हे सगळं रंगाच्या कितीतरी पुढे आहे, तेरा वर्षांच्या मुलीला शांत, वयाने थोडी मोठी, सगळं बघून झालेली घोडी हवी.

सासूबाईंचं मी उडवून लावणार नाही. आपल्याकडे घोड्याचा रंग, अंगावरचे भोवरे, पायांची पांढराई बघून शुभ-अशुभ ठरवायची जुनी रीत आहे, चारी पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याणी म्हणून त्याच पांढऱ्याचं कौतुक होतं. चट्ट्याचट्ट्यांच्या घोड्याला आपल्याकडे अबलख म्हणतात, तो शब्दही अरबीतून आलेला, म्हणजे आपणही घोड्याच्या रंगाचा शब्द घोडा आणणाऱ्यांकडूनच घेतला, टेक्ससवाल्यांसारखाच. आणि मारवाडी घोड्यांत अबलख नापसंत नसतो बरं का, उलट हौसेने मागतात. खोड रंगामुळे येत नाही, ती वाईट हाताळणीने येते, दुखण्याने येते.

पण म्हणून रंगाचा तब्येतीशी काहीच संबंध नाही असंही नाही, आणि इथे त्यांच्या शंकेला मान देऊन तीन गोष्टी तपासून घ्या. पहिली म्हणजे पांढऱ्याचा नमुना, त्यासाठी घोडीच्या बाजूला उभं राहून आधी पाठ बघा. पांढरं पाठीच्या कण्यावरून आरपार दुसऱ्या बाजूला गेलं असेल, पाय पांढरे आणि डोकं गडद असेल तर तो बहुतेक तोबियानो. हे नाव ब्राझीलच्या राफायेल तोबियास दे आगियार या पुढाऱ्यावरून पडल्याचं सांगतात, १८४२ च्या बंडात त्याच्या माणसांकडे असले घोडे होते. आणि पांढरं बाजूला, पोटाकडे असेल, कण्यापर्यंत पोचत नसेल आणि तोंडावर भरपूर पांढरं असेल तर त्याला तिकडे ओवेरो म्हणतात. हा तोच बर्नाल दियासच्या यादीतला शब्द, स्पेनमध्ये त्याचा अर्थ पीचच्या रंगाचा घोडा, अर्जेंटिनात ठिपक्यांचा, आणि अमेरिकेत हा एक ठरावीक नमुना. म्हटलं ना, खरा अर्थ शोधायला गेलं की असं होतं.

ओवेरोतल्या 'फ्रेम' प्रकाराचं एक जनुक असतं. एक प्रत असलेली घोडी ठणठणीत असते, तिच्यावर बसायला काहीच हरकत नाही. पण अशा दोघांची जोडी लावली तर चारात एक शिंगरू दोन प्रती घेऊन जन्मायची शक्यता असते, ते पूर्ण पांढरं जन्मतं, आतड्याला मज्जातंतूच नीट पोचलेले नसतात आणि काही दिवसांतच जातं. वाचवता येत नाही. तुम्हाला पैदास करायची नसेल तर हे तुमच्या कामाचं नाही, पण हे वाचणाऱ्यांत कुणाच्या मनात 'एक शिंगरू घेऊ' असं असेल तर त्यांनी आधी दोघांची डीएनए टेस्ट करावी, केसांच्या मुळांवरून होते, कॅलिफोर्निया विद्यापीठाची डेव्हिसची लॅब करून देते. नुसतं बघून सांगता येत नाही, जवळपास एकरंगी दिसणाऱ्या घोडीतही ते जनुक असू शकतं.

दुसरं, पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते आणि टेक्ससचं ऊन कसं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. नाकपुड्या आणि ओठांकडचं गुलाबी चक्क भाजतं, सोलवटतं. झिंकवालं सनस्क्रीन, तोंडावरची जाळी, दुपारी सावली, हे रोजचं काम मुलीने करायचं आहे, ते तिला आत्ताच सांगा. तिसरं, तोंड जवळजवळ सगळं पांढरं आणि डोळे निळे असतील तर ऐकू येतं का ते डॉक्टरकडून बघून घ्या, अशा काही घोड्यांना कमी ऐकू येतं किंवा येत नाही. बहिरी घोडीही चांगली चालते, पण बसणाऱ्याला ते माहीत पाहिजे. डॉक्टर तुमचा असावा, विकणाऱ्याचा नको.

आता नाव. माझं प्रामाणिक मत विचाराल तर कबऱ्या घोडीला पिंटो म्हणणं म्हणजे कबऱ्या गाईला कबरी म्हणण्यासारखं आहे, वाईट काहीच नाही, फक्त त्याच बार्नवर अजून चार पिंटो असतील. आणि ही घोडी आहे, घोडा नाही, तेव्हा स्पॅनिशमध्ये ती पिंटो नव्हे, पिंटा होईल. टेक्ससमधल्या बार्नवर काम करणारे बरेच जण मेक्सिकन असतात, मुलीने त्यांना एकदा विचारून बघावं, ते तिला लगेच 'ला पिंटा' म्हणतील. लेकीला सुचवून बघा, कोलंबसच्या जहाजाचं नाव म्हटल्यावर कदाचित भाव खाईल. पण आधीच सांगते, यातही निर्मळ काही मिळणार नाही. मेक्सिकोत 'इर्से दे पिंटा' असा वाक्प्रचार आहे त्याचा अर्थ शाळेला दांडी मारणं, आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन वस्त्यांच्या बोलीत पिंटा म्हणजे तुरुंग आणि पिंटो म्हणजे कैदी. तर अहो उद्या तेही शोधून काढतील आणि पुन्हा घरात बैठक बसेल! त्याआधी तुम्हीच त्यांना एकच विचारा, ही हाक कोण मारणार, कुठे मारणार आणि कोणासमोर? टेक्ससच्या बार्नवर पिंटो म्हटल्यावर घोडा आणि फार तर बीन्स आठवतात. ब्राझीलला राहायला गेलात तर बघू.

मुलीला अडवू नका, पण तिला अंधारातही ठेवू नका. शेजारीण का हसली हे तिला कळलेलं नाही असं तुम्हाला वाटतंय, पण तेरा वर्षांची मुलगी आणि हातात फोन, तिने तुमच्या आधी शोधलं असणार. नीट सांगा, पोर्तुगीजमध्ये असा अर्थ आहे, इथे नाही, शाळेत कुणी ब्राझिलियन असेल तर चिडवेल, चालणार आहे का? निर्णय तिचा. आणि घोड्याला तशीही दोन नावं असतात, एक कागदावरचं, एक हाक मारायचं. हाक मारायचं नाव बदलायला कुणाची परवानगी लागत नाही की पैसे लागत नाहीत, आधीच्या मालकाने ठेवलेलं नावही असेलच, ते विचारलं का कुणी?

घोडी घ्यावी का याचं उत्तर तिला न बघता मी देणार नाही. पण तुमच्याजागी मी असते तर लगेच विकत न घेता आधी काही महिने लीजवर मागितली असती, बरेच मालक तयार होतात. तेवढ्यात मुलीची हौस किती टिकते ते दिसेल, घोडीची खोड असली तर ती दिसेल, आणि महिन्याचा चारा, नाल, डॉक्टर मिळून खिशाला किती पडतं तेही कळेल, घोडीच्या किमतीपेक्षा खरा खर्च तोच असतो. लीजच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या, आजारपणाचा खर्च कोणाचा, घोडीला काही झालं तर जबाबदारी कोणाची, आणि नंतर विकत घ्यायची झाली तर किंमत काय. किंमत आजच आकड्यात लिहायला लावा, आणि तिच्यापुढे 'पिंटो' किंवा 'पेंट' जे काय लिहितील त्याचा नोंदणी क्रमांकही लिहायला लावा.